भाकर, प्याला आणि एक क्रियापद

थळला लागून असलेले नवगाव हे बेने इस्रायल समाजाचे भारतातले पहिले पाऊल मानले जाते. गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया किनाऱ्याला लागल्या, बाकीचे बुडाले, आणि बुडालेल्यांना तिथेच पुरले, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून पुढे हे लोक 'शनवार तेली' म्हणवले गेले. नवगावकर, किहीमकर, रोहेकर, पेणकर या त्यांच्या आडनावांतून आमच्या किनाऱ्याचा नकाशा काढता येईल. बहुतेक घरे इस्रायलला गेली, तरी अलिबागच्या इस्रायल आळीत मागेन अबोथ सिनेगॉग उभे आहे. सणावाराला प्याला हातात धरून आशीर्वाद म्हणायचा, तर कोकणात द्राक्षारस आणायचा कुठून? मग मनुका भिजवून त्यांचे सरबत करायचे आणि त्यावर आशीर्वाद म्हणायचा. धर्म जसा किनाऱ्याला लागतो तसा तिथला शिधा वापरू लागतो.

थळहून दक्षिणेला निघाले की अलिबाग, चौल, रेवदंडा आणि कुंडलिकेच्या पलीकडे कोर्लई. पोर्तुगीजांनी १७४० मध्ये चौल सोडले, पण किल्ल्याच्या पायथ्याचे ख्रिस्ती गाव राहिले, आणि पोर्तुगीज व मराठीच्या मिश्रणातून झालेली त्यांची बोलीही राहिली. तिथल्या मिस्सात पाद्री जी पांढरी चकती वर धरतो ती, कॅथलिक श्रद्धेप्रमाणे, त्या क्षणी भाकर राहिलेली नसते. तिसरी पंगत प्रोटेस्टंटांची. १८१३ साली मुंबईत आलेल्या अमेरिकन मराठी मिशनने या किनारपट्टीवर शाळा काढल्या आणि त्यांत बेने इस्रायल शिक्षक नेमले. या मिशनच्या मंडळ्यांत 'प्रभुभोजन' हा शब्द रुळला आणि भाकर ही भाकरच राहिली. प्रभूच्या मरणाची आठवण करायची, ती त्या भाकरीच्या निमित्ताने.

या तिन्ही पंगतींची मुळे एकमेकींत गुंतलेली आहेत, आणि तिन्ही मराठीला ठाऊक आहेत. चौथी मात्र आपल्याकडे जवळजवळ बसलीच नाही. ती लूथरपंथीयांची. म्हणून मराठीत या विषयावर जे काही वाचायला मिळते ते बहुधा एका वाक्यात आटोपते: कॅथलिकांच्या मते भाकरीचे ख्रिस्तशरीर होते, प्रोटेस्टंटांच्या मते ते प्रतीक आहे. हे वाक्य सोयीचे आहे आणि निम्मे चूक आहे. प्रोटेस्टंट पंथ ज्याच्यापासून सुरू झाला त्या मार्टिन लूथरने (१४८३–१५४६) भाकर हे केवळ प्रतीक आहे असे कधीही मानले नाही. तसे म्हणणाऱ्या आपल्याच बाजूच्या लोकांशी त्याने जितक्या त्वेषाने भांडण केले तितके फार थोड्यांशी केले असेल.

प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. पकडले जाण्याच्या आदल्या रात्री येशू शिष्यांबरोबर जेवायला बसला. पहिली तीन शुभवर्तमाने सांगतात की ते वल्हांडणाचे जेवण होते. योहानाचा हिशेब एका दिवसाने वेगळा पडतो. त्याने भाकर घेतली, आशीर्वाद मागितला, मोडली, वाटली आणि ती आपले शरीर असल्याचे सांगितले. प्याल्याविषयी तसेच रक्ताचे सांगितले. पंधराशे वर्षे या एका लहानशा वाक्याभोवती ख्रिस्ती उपासना फिरत राहिली, आणि सोळाव्या शतकात भांडण आले ते त्यातल्या सर्वांत बिनमहत्त्वाच्या वाटणाऱ्या शब्दावर: 'आहे'.

मराठी माणसाला हे भांडण समजायला एक सोय आहे. आपले 'आहे' दोन कामे करते. 'देव आहे' यात ते अस्तित्व सांगते, 'हा दगड आहे' यात ते दोन गोष्टींची नुसती जोडणी करते. आणि दुसऱ्या कामात ते गाळताही येते. 'हा माझा भाऊ' एवढ्यावर भागते. येशू जी अरामी भाषा बोलत होता तिच्यातही अशा वाक्यात क्रियापदाची गरज नव्हती. म्हणजे ज्या शब्दावरून युरोप फाटला तो मूळ उच्चारात बहुधा नव्हताच. अर्थात लूथरला हे सांगून उपयोग झाला नसता. त्याच्यापुढे शुभवर्तमानाचा ग्रीक पाठ होता, आणि ग्रीकात ते क्रियापद ठसठशीत उभे आहे. आपल्याकडे आणखी एक शब्द आहे, 'म्हणजे'. 'आमचे घर म्हणजे धर्मशाळा' असे कोणी म्हटले तर पाहुणा खोल्यांचे भाडे विचारत नाही. लूथर 'आहे' धरून बसला. त्याचा प्रतिपक्षी, स्वित्झर्लंडमधल्या झुरिकचा सुधारक उलरिख झ्विंगली, म्हणत होता की इथे 'आहे'चा अर्थ 'म्हणजे' असा घ्यायचा.

झ्विंगलीला आपल्या अर्थासाठी पुरावा हवा होता, आणि तो त्याला, त्याच्याच सांगण्याप्रमाणे, १५२५ च्या वसंतात स्वप्नात सापडला. जुन्या करारातल्या निर्गम ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात वल्हांडणाच्या कोकराविषयी, ते परमेश्वराचे 'ओलांडून जाणे' आहे, असे म्हटले आहे. कोकरू म्हणजे काही ओलांडण्याची क्रिया नव्हे; ते तिची खूण आहे. मग भाकरीचेही तसेच. हा युक्तिवाद कमकुवत नाही. बेने इस्रायल लोक या सणाला पूर्वी 'अनाशी ढाकाचा सण' म्हणत, आंबट आमटीचे भांडे झाकून ठेवण्याचा सण. त्या रात्री वाचायची हग्गादा मराठी भाषांतरासह १८४६ साली मुंबईत आणि १८७४ साली पुण्यात छापली गेली. पुण्याच्या प्रतीत साड्या नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करतानाचे चित्रही आहे. त्या रात्री ताटातली बेखमीर भाकर दाखवून, पूर्वजांनी मिसर देशात खाल्ली ती कष्टाची भाकर हीच, असे सांगतात. ती सकाळी आपल्याच घरात भाजली हे जेवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. झ्विंगलीने असे जेवण पाहिले असते तर त्याचा हुरूप वाढला असता.

पण त्याच सणाचा दुसरा नियम असा की प्रत्येक पिढीतल्या माणसाने मिसरातून आपण स्वतः बाहेर पडलो असे समजावे. म्हणजे त्या परंपरेत आठवण ही आपल्या रोजच्या अर्थाने आठवण नाही. 'नुसती आठवण' हा शब्दप्रयोग झ्विंगलीच्या विरोधकांनी त्याच्या गळ्यात बांधला. तो स्वतः तरी इतका कोरडा नव्हता. अंगठीचा दाखला त्या पक्षात वापरला जाई: नवऱ्याने दिलेली अंगठी हे नुसते सोने नाही, पण ती नवराही नाही. आपण मंगळसूत्र म्हणू.

लूथरचा पहिला झगडा मात्र उलट दिशेला होता, रोमशी. १२१५ च्या लॅटरन परिषदेने भाकर आणि द्राक्षारस यांचे ख्रिस्ताच्या शरीर-रक्तात 'द्रव्यांतर' होते अशी भाषा स्वीकारली आणि पुढे थॉमस अक्वायनसने ॲरिस्टॉटलच्या आधारे ती पक्की केली. द्रव्य बदलते, गुण तसेच राहतात: रंग भाकरीचा, चव भाकरीची, वजन भाकरीचे, पण ज्याचे हे गुण ते द्रव्य भाकर नव्हे. आपल्या वैशेषिकांना हे ऐकून घाम फुटला असता, कारण गुण द्रव्याच्या आश्रयाने राहतो, आश्रय काढून घेतला तर तो राहणार कुठे? कॅथलिक उत्तर असे की म्हणूनच तो चमत्कार आहे.

लूथरने १५२० मध्ये या सिद्धांतावर हल्ला केला. मात्र त्याचा रोख कशावर होता ते नीट पाहिले पाहिजे. ख्रिस्त तिथे आहे हे त्याला मान्यच होते. तो कसा आहे हे ॲरिस्टॉटलने ठरवावे आणि चर्चने ते श्रद्धेचे कलम करून लोकांवर लादावे, हे त्याला मान्य नव्हते. संत पौल आशीर्वादानंतरही भाकरीला भाकरच म्हणतो, मग भाकर नाहीशी झाली असे आपण का म्हणावे? त्याने दिलेला दाखला लोहाराच्या भट्टीतला आहे. लाल झालेल्या लोखंडात लोखंडही असते आणि आगही असते. लोखंडाची आग झालेली नसते, आगीचे लोखंड झालेले नसते, आणि तरी हात लावला तर दोन्ही एकदमच लागतात. लूथरपंथीयांनी या एकत्वाला 'संस्कारात्मक ऐक्य' म्हटले आणि पुढच्या पिढीने त्याचे सूत्र केले: भाकरीत, भाकरीसह आणि भाकरीखाली. मराठीत हे तिसरे शब्दयोगी अव्यय फसते. 'भाकरीखाली' म्हटले की ताटात काहीतरी दडवल्यासारखे वाटते. 'भाकरीच्या रूपाआड' म्हणणे बरे. विरोधकांनी या मताला 'सहद्रव्यवाद' असे नाव ठेवले आणि अनेक कोशांत ते अजून छापले जाते. लूथरपंथीयांना ते नको असते, कारण दूध आणि पाणी मिसळावे तशी दोन द्रव्ये एकत्र झाली असा त्यातून अर्थ निघतो. त्यांचा दावा मिश्रणाचा नाही. किंबहुना 'कसे' या प्रश्नाचे उत्तर द्यायचेच नाही, हाच त्यांचा दावा आहे.

आता मारबुर्ग. १५२९ च्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात हेसचा राजा फिलिप याने आपल्या किल्ल्यात लूथर आणि झ्विंगली यांना समोरासमोर बसवले. फिलिपला धर्मशास्त्रापेक्षा फौज हवी होती. सम्राट पाचवा चार्ल्स कॅथलिक, त्याच्यापुढे टिकायचे तर जर्मन आणि स्विस सुधारकांची एक आघाडी हवी, आणि ती या भाकरीवर अडली होती. बोलणी सुरू होण्याआधी लूथरने खडू घेऊन मेजावर येशूचे ते चार लॅटिन शब्द लिहिले आणि वर मखमली कापड टाकले. वादात पुरावा मागितला गेला तेव्हा त्याने कापड उचलून शब्द दाखवले. याला युक्तिवाद म्हणायचे की हट्ट, हे ज्याने त्याने ठरवावे. मला त्यात दोन्ही दिसते. झ्विंगलीने योहानाच्या सहाव्या अध्यायातले, देह काही कामाचा नाही असे सांगणारे वचन पुढे केले आणि हे तुमची मान मोडील असे म्हटले. लूथर उत्तरला की इथे माना इतक्या सहज मोडत नाहीत, तुम्ही हेसमध्ये आहात, स्वित्झर्लंडमध्ये नाही. शेवटी पंधरा कलमे लिहिली गेली. चौदांवर एकमत झाले. पंधराव्यातही बरेच जमले, फक्त ख्रिस्ताचे खरे शरीर भाकरीत देहतः आहे की नाही यावर जमले नाही. झ्विंगलीच्या डोळ्यांत पाणी आले असे नोंदवले आहे. दोन वर्षांनी तो काप्पेलच्या लढाईत मारला गेला.

झ्विंगलीचा खरा भक्कम मुद्दा व्याकरणाचा नव्हताच, भूगोलाचा होता. ख्रिस्त स्वर्गात गेला आणि पित्याच्या उजव्या हाताला बसला, असे सगळेच ख्रिस्ती म्हणतात. शरीर एका वेळी एकाच जागी असते. मग ते एकाच रविवारी झुरिक, विटेनबर्ग आणि रोम येथल्या हजार भाकरींत कसे येणार? लूथरने यावर जे म्हटले तो या सबंध वादातला मला सर्वांत वाचनीय भाग वाटतो. देवाचा उजवा हात म्हणजे सोन्याची खुर्ची नव्हे, असे तो चिडवून म्हणतो. लहान मुलांना दाखवायच्या चित्रांत तशी खुर्ची असते. देवाचा हात म्हणजे देवाचे सामर्थ्य, आणि ते नाही अशी जागाच नाही. ज्या ख्रिस्तात देव आणि माणूस एक झाले तो माणूस म्हणूनही त्या हाताजवळ आहे, म्हणजे सर्वत्र आहे. झाडाच्या पानापानात आहे.

मग प्रतिपक्षाने अपेक्षित प्रश्न विचारला: सगळीकडेच आहे तर कोबीच्या रश्श्यातही असेल, मग उपासनामंदिरात कशाला जायचे? हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. नामदेव आणि विसोबा खेचर यांची कथा मराठी घरात सांगावी लागत नाही. पिंडीवर पाय ठेवून पडलेला विसोबा म्हणतो, जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. आणि नामदेवाला तशी जागा सापडत नाही. आपल्याकडे या कथेचा निष्कर्ष सहसा असा काढतात की देव सर्वत्र आहे, म्हणून विशिष्ट दगडाचे एवढे काय. लूथर त्याच पायरीवर उभा राहून नेमकी उलटी दिशा धरतो. देव सर्वत्र आहे, म्हणूनच तो कुठे सापडेल हे सांगावे लागते. तो असणे वेगळे आणि तुझ्यासाठी असणे वेगळे. विस्तवात आहे, पाण्यात आहे, फासाच्या दोरीतही आहे, पण तिथे हात घालून त्याला शोधू नकोस. तिथे तो तुझ्यासाठी आहे असे त्याने सांगितलेले नाही. भाकरीविषयी सांगितले आहे. वारकरी परंपरेलाही ही गाठ ठाऊक आहे. चराचरात विठ्ठल पाहणारा माणूस आषाढीला पंढरपूरचीच वाट धरतो. फरक असा की वारकऱ्याला तिकडे प्रेम ओढून नेते आणि लूथरला एक वचन. त्याच्या दृष्टीने भाकरीत काही विशेष नाही, पुरोहिताच्या हातातही नाही. ज्याने ते वाक्य उच्चारले त्याने ते मागे घेतलेले नाही, एवढेच.

आता प्रश्न राहतो की लूथरला हे इतके का लागले होते. युद्धाची आघाडी मोडली तरी चालेल, पण एक क्रियापद सोडणार नाही, हे नुसत्या शब्दनिष्ठेने होत नाही. उत्तर त्याच्या मठातल्या वर्षांत आहे. आपण देवाला पसंत आहोत की नाही या भयाने हा माणूस वर्षानुवर्षे पोखरला गेला होता. पापांची उजळणी करायची, ती पुरी झाली नाही असे वाटायचे, पुन्हा करायची. त्याला सुटका मिळाली ती आपली लायकी मोजायची नाही या एका शोधात. भाकरीत ख्रिस्त आहे की नाही हे जर खाणाऱ्याच्या श्रद्धेवर ठरत असेल, तर ती मोजणी मागच्या दाराने परत येते. माझी श्रद्धा पुरेशी होती का? आज मन भटकले, मग आज मला नुसतीच भाकर मिळाली का? लूथरचे म्हणणे असे की तुझ्या मनाकडे पाहू नकोस, हातात काय ठेवले ते पाहा. त्यामुळेच त्याच्या पंथाने एक कानाला खटकणारी गोष्ट ठामपणे सांगितली: अपात्र माणूसही तोंडाने ख्रिस्ताचे खरे शरीरच खातो. त्याला त्याचा लाभ होत नाही, उलट दोष लागतो. पण मिळते तेच. दान देणाऱ्याच्या शब्दावर टिकते, घेणाऱ्याच्या अवस्थेवर नाही. पुढच्या पिढीतल्या कॅल्व्हिनने मधली वाट काढली: ख्रिस्त खरोखर मिळतो, पण पवित्र आत्मा श्रद्धावंताचे मन वर स्वर्गात नेतो तिथे मिळतो. लूथरपंथीयांना हे पटले नाही. वर चढायला लावणारी कुठलीही शिडी त्यांना संशयास्पद वाटे. त्यांचा देव खाली येतो.

दुसरी एक बाजू आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला चटकन कळेल. पेणच्या कारखान्यात ओळीने बसलेल्या गणपतींना कोणी नमस्कार करत नाही. रंगारी सोंडेवर गुडघा टेकवूनही काम करतो. प्राणप्रतिष्ठा झाली की तीच मूर्ती देव होते, आणि उत्तरपूजा करून जागेवरून हलवली की पुन्हा माती, पाण्यात सोडायला मोकळी. लूथरपंथीय सूत्र असे की नेमून दिलेल्या उपयोगाबाहेर संस्कार नाही. आशीर्वाद, वाटणे, खाणे-पिणे हा एकच विधी. तो चालू आहे तोवर उपस्थिती. म्हणून उरलेली भाकर कपाटात जपून तिच्यापुढे अखंड दिवा लावणे किंवा तिची मिरवणूक काढणे, या कॅथलिक प्रथा त्यांनी सोडल्या. पण दाखला इथेच थांबवला पाहिजे. गणपतीला आपण बोलावतो आणि निरोप देतो. लूथरच्या हिशेबात बोलावणारा माणूस नाही. यजमान तो आहे, आणि पंगतीला वाढलेले अन्नही तोच. शिवाय मूर्ती पाहायची असते, भाकर खायची असते.

वाद सोळाव्या शतकात संपला असता तर तो ग्रंथालयात राहिला असता. १५३० चे औग्सबुर्ग श्रद्धापत्र आणि १५८० चा 'एकमताचा ग्रंथ' यांनी लूथरपंथाची भूमिका बांधून टाकली आणि पुढची जवळजवळ चारशे वर्षे लूथरन आणि रिफॉर्म्ड माणसे एकमेकांच्या पंगतीला बसली नाहीत. १८१७ मध्ये प्रशियाचा राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याने दोन्ही पंथ एकत्र करायचे ठरवले. त्याच्या नव्या पूजाविधीत पाद्री भाकर देताना ती ख्रिस्ताचे शरीर आहे असे स्वतः म्हणत नसे. ख्रिस्त असे म्हणतो, असे म्हणे. किती हुशार तडजोड! ऐकणाऱ्याने आपापला अर्थ लावावा. सायलेशियातल्या शेतकऱ्यांना ती हुशारी बरोबर कळली. त्यांनी नकार दिला, पाद्री तुरुंगात गेले, १८३४ मध्ये होनिगर्न गावच्या चर्चचे दार सैनिकांनी फोडले. १८३८ मध्ये त्यांच्यातली काही मंडळी ऑगस्ट काव्हेल या पाद्र्याबरोबर थेट दक्षिण ऑस्ट्रेलियाला गेली. तिथल्या बरोसा खोऱ्यात या लोकांच्या वसाहती झाल्या, आणि आज ते खोरे वाइनसाठी जगभर ओळखले जाते. १९७३ साली बाझेलजवळच्या लॉयनबर्ग येथे युरोपातल्या लूथरन आणि रिफॉर्म्ड चर्चेसनी एकमेकांना पंगतीला घ्यायचे मान्य केले. मारबुर्गनंतर ४४४ वर्षांनी.

मराठी मुलखात हा वाद पोचला नाही, कारण इथे आलेले प्रोटेस्टंट एकाच बाजूचे होते. अमेरिकन मिशन काँग्रिगेशनल. १८२३ मध्ये बाणकोटला आलेले स्कॉटिश लोक प्रेस्बिटेरियन. दोन्ही झ्विंगली-कॅल्व्हिनच्या घराण्यातले. मराठी प्रोटेस्टंटांची धर्मभाषा घडली ती अहमदनगर, मुंबई आणि पुणे येथे त्यांच्या हाताखाली. लूथरची आठवण देणारी एक गोष्ट मात्र कोकणात घराघरावर आहे. मंगळुरी कौलांचा धंदा सुरू करणाऱ्या बाझेल मिशनमध्ये जर्मन लूथरन आणि स्विस रिफॉर्म्ड एकत्र काम करत. तिथे भांडण बाजूला ठेवले होते आणि १८६५ पासून कौले भाजली जात होती. १९७० मध्ये नागपूरला उत्तर भारतातल्या सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हाही लूथरन त्यात नव्हते.

तरीही लूथरचे मत भारतात प्रथम उतरले ते मराठ्यांच्या राज्याच्या कुशीतच. डॅनिश तरंगमबाडीला ९ जुलै १७०६ रोजी बार्थोलोमेउस झीगेनबाल्ग आला, तेव्हा त्या बंदराचा खंड तंजावरच्या शहाजी राजाकडे जात होता. त्याने लूथरची छोटी प्रश्नोत्तरी तमिळमध्ये केली. भाकरीविषयीचे ते 'आहे' असे भारतीय भाषेत आले, मराठीत नाही. पुढे १७५० मध्ये आलेला क्रिस्टियान फ्रीड्रिख श्वार्ट्झ तंजावरच्या दरबारात मराठी बोलत असे. सरफोजी राजे (दुसरे) त्याच्या देखरेखीखाली वाढले. ते ख्रिस्ती झाले नाहीत, पण १७९८ मध्ये श्वार्ट्झ वारल्यावर त्यांनी जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून त्याचे संगमरवरी स्मारक करवून घेतले. मरणशय्येवरच्या गुरूचा हात हातात घेतलेला मराठी राजा त्यात दिसतो.

याच मंडळ्यांत या सिद्धांताची खरी परीक्षा झाली आणि ती कुठल्या युरोपीय ग्रंथात नव्हती. भाकरीत खरे ख्रिस्तशरीर आहे, आणि ते घेणाऱ्याच्या लायकीवर अवलंबून नाही, असे शिकवले जात होते. पण बसायचे कुठे, प्याल्याला ओठ कोणाचे आधी लागायचे आणि कोणाचे नंतर, हे जात ठरवत होती. काही ठिकाणी प्यालेही दोन होते. जुने लूथरन पाद्री याकडे रिवाज म्हणून पाहत आले. इंग्रज मिशनऱ्यांनी तो मोडायचा प्रयत्न केला तेव्हा विरोधात लेखणी उचलली ती श्वार्ट्झचाच शिष्य, तमिळ ख्रिस्ती कवी वेदनायगम शास्त्री याने. त्याला सरफोजींच्या दरबाराचा आश्रय होता. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये नुसता चहा आणि बिस्किटे घेतल्याबद्दल टिळक-रानड्यांवर ग्रामण्य झाले, हे आपण शाळेपासून ऐकतो. तंजावरचा पेच त्याहून अवघड होता; तिथे प्याला पुढे करणारा आणि प्याला नाकारणारा दोघेही ख्रिस्ती होते, आणि प्याल्यात काय आहे यावर दोघांचे एकमत होते.

१८३३ मध्ये कलकत्त्याचे अँग्लिकन बिशप डॅनियल विल्सन यांनी मंडळ्यांतला जातिभेद तत्काळ आणि कायमचा सोडावा असा आदेश काढला. तंजावर आणि मद्रासजवळच्या वेपेरीत अनेक कुटुंबांनी उपासनेला येणे बंद केले. १८४० च्या अखेरीस जर्मनीतून लूथरन मिशन तरंगमबाडीला परत आले. जातीच्या बाबतीत ते सबुरीने घेणारे होते, आणि अँग्लिकन मंडळ्यांतून बाहेर पडलेल्यांपैकी बरेच जण त्याच्याकडे गेले. त्या मिशनमधून १९१९ मध्ये तमिळ इव्हँजेलिकल लूथरन चर्च स्वतंत्र झाली. तिचा बिशप आता तिरुचिरापल्लीला बसतो, पण म्हणवतो तरंगमबाडीचा बिशप.